शाळेतील संगणक आणि मुक्त सॉफ्टवेअर

१. जॉर्ज टाउनचा बाजार

चेन्नई शहरातील सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तरेस जी दाट वस्ती पसरलेली आहे, तिला जॉर्ज टाउन असे म्हणतात. पूर्वी तिचे नाव ब्लॅक टाउन असे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पाचव्या जॉर्जच्या नावावरून तिला सध्याचे नाव मिळाले. या भागाचा एक विशेष असा की, येथील कित्येक गल्ल्या एकेका व्यापाराला वाहिलेल्या आहेत. गोडाउन स्ट्रीटवर कापडाचे ठोक व्यापारी आहेत, तर अँडरसन स्ट्रीटवर कागद, वह्या आणि लग्नपत्रिका यांची दुकाने दाटीने उभी आहेत. शाळा सुरू होण्याचे दिवस जवळ आले म्हणजे शहराच्या दूरदूरच्या भागांतून माणसे वह्या-कागदासाठी येथे येतात.

वही, पाटी, पट्टी, कंपासपेटी ही विद्यार्थ्याची साधने होत. ती एकदा विकत घेतली म्हणजे त्याच्या पूर्ण मालकीची होतात. वहीत काय लिहावे, ती कोणाला वाचावयास द्यावी, तिच्यातील आकृती दुसऱ्या वहीत उतरवून घेऊ द्यावी की नाही, हे ठरविण्यास दुकानदाराची अनुज्ञा लागत नाही. थोरल्या भावाची पुस्तके धाकट्या बहिणीने वापरावी, हा तर गरीब घरांतील नित्याचा परिपाठच आहे.

विद्यार्थ्याच्या या जुन्या साधनांत आता संगणकाची भर पडली आहे. परंतु संगणकाच्या बाबतीत मालकीचा हा सरळ नियम लागू पडत नाही. यंत्र शाळेचे होते. त्या यंत्राला चालविणारे जे सॉफ्टवेअर, ते मात्र पुष्कळदा शाळेचे होत नाही. त्याच्या वापराचा केवळ परवाना शाळेला मिळतो आणि त्या परवान्यास अटी असतात. अमुक इतक्याच यंत्रांवर ते चढवावे, त्याची नक्कल कोणास देऊ नये, ते आतून कसे चालते हे उघडून पाहू नये, अशा त्या अटी होत.

या अटी आणि शाळेची तुटपुंजी शिल्लक यांचा मेळ बसला नाही म्हणजे काय होते, याचेही उत्तर जॉर्ज टाउनमध्येच सापडते. या वस्तीच्या पूर्वेच्या कडेस, बंदरासमोरील राजाजी सालईवर बर्मा बझार आहे. ब्रह्मदेशातून परत आलेल्या भारतीय कुटुंबांना उपजीविकेचे साधन मिळावे म्हणून १९६९ साली तो वसविण्यात आला. पुढे परदेशी वस्तूंबरोबर चित्रपटांच्या व सॉफ्टवेअरच्या अनधिकृत तबकड्यांसाठीही त्याचे नाव झाले आणि पोलिसांचे छापे तेथे वारंवार पडत राहिले. अशा तबकड्या घेणाऱ्यांत केवळ नफेखोरच असत असे मानण्याचे कारण नाही. ज्यांना मोल परवडत नव्हते, असे विद्यार्थी आणि लहान संस्थाही त्यांच्यात असणे स्वाभाविक होते. मात्र ज्या शाळेत सचोटी शिकवावयाची, त्याच शाळेत चोरून आणलेल्या साधनावर धडे गिरवावयाचे, हा पेच मोठा आहे. त्या पेचातून सुटण्याचा एक सरळ मार्ग म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर होय. त्याचाच परिचय या पुस्तिकेत करून द्यावयाचा आहे.

२. संगणकाची दोन अंगे

संगणकाची दोन अंगे असतात. डोळ्यांना दिसणारे आणि हाताला लागणारे जे यंत्र, ते हार्डवेअर. त्या यंत्राने काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांचा जो समुच्चय, ते सॉफ्टवेअर. सूचनांवाचून यंत्र म्हणजे धातू, काच आणि प्लास्टिक यांचा निर्जीव गोळा होय.

सॉफ्टवेअरमध्येही दोन थर मानता येतात. पायाच्या थराला ऑपरेटिंग सिस्टिम अर्थात संचालन-प्रणाली म्हणतात. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर आणणे, लिहिलेला मजकूर साठवून ठेवणे, मुद्रकाकडे कागद छापण्यास पाठविणे, एकाच वेळी चाललेल्या अनेक कामांना यंत्राचा वेळ वाटून देणे, ही तिची कामे. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स ही अशा प्रणालींची परिचित उदाहरणे होत. तिच्या वरच्या थरात निबंध लिहिण्याची, चित्र काढण्याची, हिशेब मांडण्याची, आकाश दाखविण्याची अशी निरनिराळी उपयोजने असतात.

३. रांगोळीचा दाखला

सॉफ्टवेअरचे मुक्त आणि बंदिस्त असे दोन प्रकार का होतात, हे समजण्यासाठी ठिपक्यांच्या रांगोळीचा दाखला उपयोगी पडेल. महाराष्ट्रात जशी ठिपक्यांची रांगोळी, तसे तामिळनाडूत कोलम. जॉर्ज टाउनच्या अरुंद गल्ल्यांतही सकाळी उंबऱ्यासमोर पाणी शिंपडून पांढऱ्या पिठाचे कोलम घातलेले दिसते. प्रथम ठिपक्यांच्या ओळी मांडावयाच्या, नंतर ठरावीक नियमाने त्यांच्याभोवती रेषा फिरवावयाची किंवा ते जोडीत न्यावयाचे, ही त्याची रीत.

ज्या मुलीला ठिपक्यांची मांडणी आणि रेषेचा क्रम ठाऊक आहे, तिला ती रांगोळी पुन्हा घालता येते, लहान-मोठी करता येते, तिच्यात एखादे नवे वळण घालता येते आणि शेजारच्या मुलीला शिकविता येते. याउलट बाजारात छापील रांगोळीच्या चिकटपट्ट्याही मिळतात. त्या सुबक असतात, वेळही वाचवितात. परंतु त्यांच्यात बदल करता येत नाही आणि त्या चिकटविणाऱ्या मुलीला रांगोळी घालता येऊ लागत नाही.

सॉफ्टवेअरचेही असेच आहे. आज्ञावली रचणारा मनुष्य ती प्रथम माणसाला वाचता येईल अशा सांकेतिक भाषेत लिहितो. या मूळ लेखनाला स्रोत-संहिता म्हणतात. नंतर तिचे रूपांतर यंत्राला कळणाऱ्या शून्य व एक या अंकांच्या लांबलचक मालिकेत होते. बंदिस्त सॉफ्टवेअर घेणाऱ्याच्या हाती सामान्यतः ही अंकमालिकाच येते. स्रोत-संहिता निर्मात्याजवळ राहते. मुक्त सॉफ्टवेअरबरोबर ठिपके आणि रेषेचा क्रम, म्हणजे स्रोत-संहितादेखील मिळते.

हा दाखला केवळ सोयीसाठी घेतलेला नाही. जॉर्ज टाउनमधील आर्मेनियन स्ट्रीटवर १८३७ साली एक शाळा सुरू झाली. तीच वाढून पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेज झाली आणि १९३७ साली शहराबाहेर तांबरम येथे गेली. या महाविद्यालयातील गिफ्ट सिरोमनी व रानी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कोलमच्या आकृत्या या नियमबद्ध चित्रभाषा आहेत आणि भाषेच्या व्याकरणासारख्या नियमांनी त्या संगणकाकडून काढून घेता येतात, असे त्यांनी दाखवून दिले. उंबऱ्यावरच्या पिठाच्या रेषेत आज्ञावली दडलेली आहे, हे त्यायोगे गणिताच्या भाषेत मांडले गेले.

४. मुक्ततेचा परवाना

संगणकाच्या प्रारंभीच्या काळात स्रोत-संहिता एकमेकांना देणे ही विद्यापीठांतून सर्वसाधारण गोष्ट होती. १९७० नंतर सॉफ्टवेअरचा स्वतंत्र व्यापार वाढला आणि संहिता बंद ठेवण्याची प्रथा रूढ झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना ही प्रथा सहकार्याच्या आड येणारी वाटली. सर्वांना मोकळेपणाने वापरता येईल अशी संपूर्ण प्रणाली रचण्याचा संकल्प त्यांनी १९८३ साली जाहीर केला. तिला त्यांनी ग्नू असे नाव दिले.

स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्ये सांगितली आहेत. पहिले, सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालविण्याचे. दुसरे, ते कसे चालते याचा अभ्यास करून त्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल करण्याचे. तिसरे, त्याच्या प्रती दुसऱ्यास देण्याचे. चौथे, आपण सुधारलेली प्रत सर्वांसाठी प्रसिद्ध करण्याचे. १९८९ साली त्यांनी जनरल पब्लिक लायसेन्स नावाचा परवाना तयार केला. त्याची मुख्य अट अशी की, ज्याला ही स्वातंत्र्ये मिळाली त्याने सॉफ्टवेअर पुढे देताना तीच स्वातंत्र्ये घेणाऱ्यालाही दिली पाहिजेत.

ग्नूचे बरेच भाग तयार झाले, तरी यंत्राशी थेट व्यवहार करणारा गाभा अपुरा राहिला होता. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स याने असा एक गाभा स्वतःच्या संगणकासाठी रचला आणि जगभरच्या जाणकारांना तो तपासून पाहण्यास सांगितले. हाच लिनक्स होय. १९९२ साली त्याने तो वर सांगितलेल्या परवान्याखाली आणला. त्यानंतर सहस्रावधी माणसांनी त्यात दुरुस्त्या केल्या. ग्नूचे भाग आणि लिनक्सचा गाभा मिळून जी प्रणाली झाली, तिला सामान्य व्यवहारात नुसते लिनक्स म्हटले जाते. तिच्या निरनिराळ्या संकलनांना वितरणे म्हणतात. १९९३ साली सुरू झालेले डेबियन आणि २००४ साली आलेले उबुंटू ही त्यांपैकी प्रसिद्ध वितरणे होत. मुक्त-स्रोत हा शब्द १९९८ पासून प्रचारात आला. शाळेच्या दृष्टीने त्याचा आणि मुक्त सॉफ्टवेअरचा आशय जवळजवळ एकच आहे.

मुक्त म्हणजे फुकट असा अर्थ येथे अभिप्रेत नाही. ही सॉफ्टवेअरे बहुधा विनामूल्य मिळतात हे खरे. तथापि शिक्षकांचे प्रशिक्षण आणि यंत्रांची देखभाल यांचा खर्च राहतोच. उलटपक्षी, कित्येक बंदिस्त सॉफ्टवेअरेही शाळांना सवलतीत वा फुकट दिली जातात. परंतु त्यामुळे ती मुक्त होत नाहीत. सवलत देणाऱ्याला ती काढूनही घेता येते. मिळालेले स्वातंत्र्य परवान्यात लिहिलेले असल्यास ते असे काढून घेता येत नाही.

५. एग्मूरची धूळपाटी

साधन खुले असले म्हणजे शिक्षणाचा प्रसार कसा होतो, याचे एक जुने उदाहरण याच शहरात घडले. जॉर्ज टाउनच्या नैर्ऋत्येस एग्मूर हा भाग आहे. तेथे १७८९ साली सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रमशाळा निघाली. अँड्र्यू बेल हे तिचे अधीक्षक होते. जवळपासच्या देशी शाळेत मुले जमिनीवर पसरलेल्या वाळूत बोटाने अक्षरे गिरवितात, हे त्यांच्या पाहण्यात आले. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांतही धूळपाटीवर धुळाक्षरे काढण्याची हीच पद्धत होती. वाळूला मोल पडत नाही आणि चुकलेले अक्षर हात फिरविताच पुसले जाते.

बेल यांनी ही रीत आपल्या शाळेत आणावयाचे ठरविले; पण तेथील शिक्षकांनी ती मनावर घेतली नाही. तेव्हा जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे त्यांनी अक्षरओळखीचा वर्ग सोपविला. ज्याला येते त्याने न येणाऱ्यास शिकवावे, या तत्त्वावर मग सारी शाळा चालू लागली. बेल यांनी १७९७ साली लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तांत छापला. तो वाचून ज्याला वाटेल त्याने ही पद्धत उचलावी, आपल्या परिस्थितीप्रमाणे तीत फेरफार करावा, अशी मोकळीक होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास पद्धती या नावाने ती इंग्लंडमधील व इतर देशांतील असंख्य शाळांतून पसरली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील मद्रास कॉलेज ही शाळा आजही ते नाव चालवीत आहे.

या पद्धतीत दोषही होते. तिच्यात पाठांतरावर फार भर होता आणि मुलांवर सोपविलेले काम कित्येकदा त्यांच्या शक्तीबाहेरचे असे. पुढे ती मागे पडली. परंतु एका शहरातील वाळूवरची रीत दूरच्या देशांपर्यंत पोहोचली, याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. ती पाहणाऱ्याला समजत होती, करून बघता येत होती आणि पुढे देता येत होती. मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्ये यांहून फारशी निराळी नाहीत.

६. चेन्नईतून निघालेली प्रणाली

भारतातील मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात चेन्नईला महत्त्वाचे स्थान आहे. केंद्र शासनाच्या साहाय्याने २००५ साली येथे मुक्त व मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरचे राष्ट्रीय संसाधन केंद्र स्थापन झाले. सी-डॅक या शासकीय संगणक-संशोधन संस्थेची चेन्नई शाखा आणि अण्णा विद्यापीठाचे एयू-केबीसी संशोधन केंद्र यांनी त्याचे काम अंगावर घेतले. २००७ च्या जानेवारीत सी-डॅकने डेबियनच्या आधारावर रचलेली भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स ही प्रणाली प्रसिद्ध केली. आद्याक्षरांवरून ती बॉस या सुटसुटीत नावाने ओळखली जाते. भारतीय भाषांतून काम करण्याची सोय हा तिचा मुख्य हेतू होता. शाळांसाठी शैक्षणिक उपयोजने घालून तिची एज्यु-बॉस ही आवृत्तीही काढण्यात आली. राज्य शासनाच्या एल्कॉट या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळानेही याच सुमारास आपल्या कार्यालयांतील संगणक लिनक्सवर नेले.

सप्टेंबर २०११ मध्ये तामिळनाडू शासनाने शासकीय व अनुदानित संस्थांतील विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची मोठी योजना सुरू केली. तिच्यातील पुढच्या काळातील अनेक यंत्रांवर विंडोजबरोबर बॉसही चढविलेले असे. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपी या जुन्या प्रणालीचा आधार निर्मात्यांनी काढून घेतला, तेव्हा राज्य शासनाने आपल्या विभागांना बॉसकडे वळण्याची सूचना केली. २०१८ पासून लागू झालेल्या राज्याच्या अकरावीच्या संगणक विषयाच्या पाठ्यपुस्तकांत विंडोजच्या जोडीला उबुंटू लिनक्स आणि ओपनऑफिस यांचे धडे आहेत.

विंडोज एक्सपीच्या वेळचा प्रसंग पुन्हा उद्भवला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या. मुदतवाढीची सोय ठेवण्यात आली असली, तरी ती ठरावीक काळापुरतीच आहे. कित्येक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशी यंत्रे धडधाकट असूनही भंगारात काढण्याचा प्रसंग शाळांवर येऊ शकतो. हलके लिनक्स वितरण चढवून त्यांचे आयुष्य वाढविता येते. एका सशक्त संगणकाला अनेक जुने संगणक तारेने जोडून, मुख्य काम त्या एकावरच करविण्याची व्यवस्थाही लिनक्समध्ये १९९९ पासून उपलब्ध आहे. या व्यवस्थेत देखभाल मुख्यतः एकाच यंत्राची करावी लागते.

७. वर्गातील उपयोग

लिनक्सबरोबर शाळेला उपयोगी पडणारी उपयोजने विपुल मिळतात. लहान मुलांसाठी चित्रे रंगविण्याचे टक्स पेंट आणि अक्षर-अंकांच्या खेळांचा संग्रह जीकॉम्प्री आहे. पत्रे, तक्ते आणि सादरीकरण यांसाठी लिब्रेऑफिस आहे. छायाचित्रे सुधारण्यास जिम्प आहे. भूमिती आणि आज्ञावली-लेखन एकत्र शिकविण्यासाठी कासवाच्या रेघांची उपयोजने आहेत. त्यांपैकी केटर्टल या उपयोजनात आज्ञांचे शब्ददेखील स्थानिक भाषेत आणण्याची सोय केलेली आहे.

कासवाचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. पडद्यावरील कासवाला पुढे जा, अमुक अंशांत वळ, अशा आज्ञा दिल्या म्हणजे त्याच्या मागे रेघ उमटत जाते. पुढे जाऊन ९० अंशांत वळण्याची क्रिया चार वेळा करविली की चौरस होतो. विद्यार्थ्याने ९० च्या जागी ७२ आणि चारच्या जागी पाच असे लिहिले की पंचकोन होतो. ३६० ला बाजूंच्या संख्येने भागले म्हणजे वळणाचा कोन मिळतो, हा नियम तो अशा रीतीने स्वतःच शोधून काढतो. पुढे पंचकोनच थोडा थोडा फिरवून अनेकदा काढविला की रांगोळीचे फूल उमटते. येथे विद्यार्थी तयार चित्र नुसते पाहत नाही. चित्रामागील संहिता तो वाचतो, बदलतो आणि बदलाचे फळ लगेच पाहतो.

दुसरे उदाहरण स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या उपयोजनाचे. त्यात आपले गाव निवडले म्हणजे तेथील रात्रीचे आकाश पडद्यावर दिसते. चेन्नई निवडल्यास ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे १३ अंशांवर दिसतो, मुंबई निवडल्यास सुमारे १९ अंशांवर, नागपूर निवडल्यास सुमारे २१ अंशांवर. ध्रुवाची उंची आणि स्थळाचे अक्षांश जवळजवळ समान असतात, हा भूगोलातील नियम त्यामुळे प्रत्यक्ष पडताळून पाहता येतो. बंदराच्या दिव्यांमुळे आणि उंच इमारतींमुळे जॉर्ज टाउनमधील मुलाला जे आकाश क्वचितच दिसते, ते त्याला वर्गात पाहावयास मिळते. शिवाय निरनिराळ्या संस्कृतींनी कल्पिलेल्या तारकासमूहांची माहिती या उपयोजनात घालता येते. एखाद्या शाळेने वडीलधाऱ्यांना विचारून ताऱ्यांची स्थानिक नावे जमविली, तर ती त्यात समाविष्ट करण्यास आडकाठी नाही.

भाषेच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. बंदिस्त सॉफ्टवेअर कोणत्या भाषांत निघावे, हे खपाच्या अंदाजावरून ठरते. मुक्त सॉफ्टवेअरचे भाषांतर करण्यास मात्र कोणाच्याही अनुज्ञेची गरज नसते. पडद्यावरील शब्द मराठीत आणण्याचे काम स्वयंसेवकांनी असेच पुष्कळ केले आहे. तेथे चुकीचा वा बोजड शब्द आढळल्यास एखादा भाषा-शिक्षकही दुरुस्ती सुचवू शकतो.

८. केरळ आणि महाराष्ट्र

मुक्त सॉफ्टवेअरचा शालेय शिक्षणातील सर्वांत व्यापक प्रयोग चेन्नईच्या शेजारच्या केरळ राज्यात झाला. तेथे आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प या शतकाच्या आरंभी सुरू झाला. पहिल्या दशकातच त्याने माध्यमिक शाळांतील संगणक-शिक्षण टप्प्याटप्प्याने लिनक्सवर नेले. २०१७ साली या प्रकल्पाचे केरळ इन्फ्रास्ट्रक्चर अँड टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन, संक्षेपाने काइट, या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. २०१८ साली शाळाशाळांतून लिटल काइट्स नावाची विद्यार्थी-मंडळे निघाली. शाळेतील यंत्रांची निगा राखण्यास हे विद्यार्थी साहाय्य करतात.

केरळच्या यशाचे मर्म त्याच्या क्रमात आहे. केवळ यंत्रांवरील प्रणाली बदलून तेथील अधिकारी थांबले नाहीत. आधी शिक्षक प्रशिक्षित केले, त्यांच्यातूनच इतरांना शिकविणारे मुख्य प्रशिक्षक तयार केले, पाठ्यपुस्तके त्याच उपयोजनांवर लिहिली आणि परीक्षाही त्यांवरच घेतली. शाळांसाठीचे खास वितरण राज्यातच संकलित केले. त्यामुळे शिक्षकाला जे शिकविले, विद्यार्थ्याला पुस्तकात जे वाचावयास मिळाले आणि प्रयोगशाळेत जे पडद्यावर दिसले, त्यांत फरक राहिला नाही.

महाराष्ट्रातील काम अधिक विखुरलेले असले, तरी मोलाचे आहे. मुंबईत मानखुर्द येथे असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुक्त सॉफ्टवेअर आणि मुक्त ज्ञानसाधने यांवर दीर्घकाळ कार्य झाले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने स्पोकन ट्युटोरियल नावाचा पाठसंग्रह सिद्ध केला. त्यात मुक्त सॉफ्टवेअरवरील सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्श्राव्य पाठ असून त्यांपैकी अनेकांचे निवेदन मराठीत ऐकावयास मिळते. शिक्षकाने पाठ ऐकत ऐकत तीच कृती स्वतःच्या यंत्रावर करावी, अशी त्यांची रचना आहे.

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात एका धनगरवाड्यावरील एकशिक्षकी शाळेत २००७ साली आणखी एक लहानसा प्रयोग झाला. प्रत्येक मुलास एक लॅपटॉप या आंतरराष्ट्रीय उपक्रमात तेथील मुलांना लिनक्सवर चालणारी छोटी, मजबूत यंत्रे देण्यात आली. त्या यंत्रांवर शुगर नावाचे, लहान मुलांसाठी रचलेले मुक्त सॉफ्टवेअर होते. पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत आणि शिक्षक एकच, अशा शाळेत मुलांनी एकमेकांकडून शिकणे अपरिहार्यच असते. एग्मूरच्या आश्रमशाळेतील तत्त्व दोनशेहून अधिक वर्षांनी सह्याद्रीच्या पायथ्याशी पुन्हा उपयोगी पडले.

९. अडचणी

या मार्गात अडचणी नाहीत असे सांगणे योग्य होणार नाही. पहिली अडचण सवयीची. ज्या शिक्षकाने वर्षानुवर्षे एकच प्रणाली वापरली, त्याला दुसरी अवघड वाटते. दुसरी अडचण उपकरणांची. एखादा मुद्रक वा चित्रण-यंत्र लिनक्सशी जुळत नाही आणि गावातील दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा उपाय ठाऊक नसतो. खरेदीच्या वेळीच ही जुळणी तपासून घेणे हा त्यावरील उपाय होय. तिसरी अडचण अशी की, यंत्रावर लिनक्स असूनही ते कोणी शिकविले नाही, तर विद्यार्थी ते काढून टाकून परिचित प्रणालीची अनधिकृत नक्कल चढवितो. यंत्र वाटले आणि शिक्षण वाटावयाचे राहिले, तर सर्व खटाटोप व्यर्थ जातो.

चौथा आक्षेप पालकांचा असतो. नोकरीच्या जागी दुसरेच सॉफ्टवेअर वापरतात, मग मुलांनी हे का शिकावे, असे ते विचारतात. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचा उपहास करू नये. त्याचे उत्तर दुहेरी आहे. एक तर जगातील बहुसंख्य महासंगणक आणि आंतरजालाचे असंख्य सेवासंगणक लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड भ्रमणध्वनींचा गाभाही लिनक्सच आहे. तेव्हा हे ज्ञान नोकरीच्या जगाबाहेरचे नाही. दुसरे असे की, शाळेने एका कंपनीच्या कळा शिकवावयाच्या नसून तक्ता कसा मांडावा, मजकूर कसा बांधावा, चूक कशी शोधावी हे शिकवावयाचे असते. ते ज्याला आले, त्याला कळांची जागा बदलली तरी फार अडत नाही.

१०. समारोप

जॉर्ज टाउनच्या पेठेतून घरी नेलेली वही मुलाची असते. तिच्यात तो चुका करतो, खोडतो, पुन्हा लिहितो आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी मित्राला देतो. एग्मूरच्या वाळूवर मुलांनी असेच केले, उंबऱ्यावरच्या कोलमवर मुली अजूनही असेच करतात. संगणक हे शाळेतील सर्वांत महाग साधन आहे. तेच जर मुलाला उघडून पाहता येत नसेल, बदलता येत नसेल आणि मित्राला देता येत नसेल, तर ते त्याच्या हाती असूनही त्याचे होत नाही. मुक्त सॉफ्टवेअर हा सर्व शैक्षणिक दुखण्यांवरील उपाय नव्हे. शिक्षक, वेळ आणि वीज यांची उणीव ते भरून काढू शकत नाही. परंतु ज्या शाळेजवळ जुनी यंत्रे, एक उत्साही शिक्षक आणि शिकण्यास उत्सुक मुले आहेत, तिला परवान्याच्या पैशासाठी अडून राहण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. मिळालेली प्रत ती शेजारच्या शाळेलाही उजळ माथ्याने देऊ शकते.

करून पाहावे

१. ज्याला यूएसबी पेनड्राइव्ह म्हणतात, त्या छोट्या साठवण-कांडीवर एखादे लिनक्स वितरण घालून, संगणकातील मूळ प्रणालीला धक्का न लावता ते चालवून पाहावे. मुद्रक, ध्वनी आणि आंतरजाल यांची जुळणी होते की नाही, याची नोंद ठेवावी.

२. कासवाच्या रेघांनी अनुक्रमे ३, ५, ६ आणि ८ बाजूंच्या समभुज व समकोन आकृत्या काढाव्या आणि प्रत्येक वेळी वळणाचा कोन लिहून ठेवावा.

३. घरातील वडीलधाऱ्यांकडून ठिपक्यांची एक रांगोळी शिकून, तिची कृती कागदावर क्रमवार सूचनांच्या रूपात लिहावी. ती वाचून वर्गमित्राला रांगोळी घालता येते काय, हे पाहावे. येत नसल्यास सूचनांत दुरुस्ती करावी.

४. स्टेलॅरियममध्ये आपले गाव निवडून ध्रुवताऱ्याची उंची पाहावी आणि नकाशातील अक्षांशाशी ती ताडून पाहावी.

५. शाळेतील प्रत्येक संगणकावर कोणते सॉफ्टवेअर आहे, त्याचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे आणि त्याची प्रत दुसऱ्यास देता येते की नाही, याचा तक्ता तयार करून वर्गात लावावा.